दार कुठल्या बाजूला

होडीला भोक असावं की नसावं, यावरून कोपरीतल्या त्या घरात आठवडाभर कुणाचं कुणाशी पटत नव्हतं.

होडी नवी होती. फायबरची, पांढरी, कडेला निळा पट्टा. जुनं लाकडी होडकं कुजलं तेव्हा सुदेशने ही आणली. जुन्या होडक्याचं साधं होतं, पाणी आलं की डब्याने उपसायचं. हिला मात्र उभं राहायला सपाट डेक होता, आणि मागच्या भिंतीला, अगदी डेकला टेकून, अंगठा जाईल एवढी दोन भोकं कारखान्यातूनच पाडून आली होती. जाळ्यातून निथळलेलं पाणी, धुतल्याचं पाणी, पावसाचं पाणी, सगळं तिथून आपोआप खाडीत जावं म्हणून.

आणि जातही होतं. पण जाळं भरून आलं, ते ओढायला सुदेश आणि त्याचे वडील कान्हाबाबा दोघेही मागे गेले, की होडीची पिछाडी खाली बसायची. भोकं पाण्याखाली जायची आणि खाडी त्याच वाटेने आत शिरायची. बघता बघता घोट्याएवढं पाणी.

"साठ वरसं खाडीत काढली मी," कान्हाबाबा म्हणायचे. "होडीला भोक दिसलं की आमी बुजवायचो. ह्यांनी नवं कोरं पाडून दिलंय. वर सांगतात, सोय हाय!"

त्यांनी बुचं मारली. बाहेरचं पाणी आत येईना, पण मग आतलंही बाहेर जाईना. जाळं निथळलं, मासळी धुतली, की डेकवर तळं. सुदेशने बुचं काढली. पुन्हा खाडी आत. शेवटी ठरलं की जाळं ओढायच्या आधी बुचं लावायची आणि ओढून झाल्यावर काढायची. पण दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले असताना हे लक्षात कुणाच्या राहणार? एकदा लावायची राहिली, एकदा काढायची राहिली, आणि एकदा दोघांनाही वाटलं की दुसऱ्याने लावलीत.

त्या दिवशी सुदेश मांड्यांपर्यंत भिजून घरी आला. कपडेही न बदलता दारातच बसला. त्याची बायको मेघाली क्षिप्राला मांडीवर घेऊन नाचणीचं सत्त्व भरवत होती. पोर सात महिन्यांची. सासूबाईंच्या, जनाबाईंच्या, जिभेला "क्षिप्रा" काही वळत नव्हतं, म्हणून त्यांनी नातीचं नाव परस्पर शिंपली ठेवून टाकलं होतं.

"उघाडी लाव ना तिथे," मेघाली सहज बोलून गेली.

"काय लाव?"

"उघाडी. आमच्याकडे शेताला असते तशी."

मेघालीचं माहेर डोंबिवलीला, खाडीकाठचं. आगऱ्यांचं घर. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा बांध, बांधाखालून पाणी जायला मोरी, आणि मोरीच्या तोंडावर वरून बिजागरीने टांगलेली लाकडी फळी. तिला म्हणायचं उघाडी. एका अंगाने पाणी आलं की फळी आपोआप दाबून बसते, दुसऱ्या अंगाने आलं की आपोआप उघडते. माणसाला काही करावं लागत नाही, काही लक्षात ठेवावं लागत नाही.

सुदेश ऐकता ऐकता सरळ बसला. "म्हणजे रबराची झडप. ट्रकच्या ट्यूबचा तुकडा, वरून पट्टी मारायची, खालून मोकळा. अगं, भारी आहे हे!" मग थांबून म्हणाला, "पण लावायची कुठून? होडीच्या आतून की बाहेरून?"

"आतून," मेघाली म्हणाली.

विचारही केला नाही तिने. विचार कशाला करायचा, तिला ते दिसतच होतं. ती सहा वर्षांची, आज्याचं बोट धरून उभी. समोर बांध, बांधापलीकडे खाडी, आणि फळी आपल्या बाजूला, हात लावता येईल अशी, हिरव्या शेवाळाची. आजा म्हणत होता, "बग बाय, पानी सोताच दार लावतं." तिने फळीला हात लावलेलाही आठवत होता. गार आणि बुळबुळीत.

"आतून बरं पडेल," सुदेश म्हणाला. "बाहेरून लावायचं तर चिखलात उतरायला लागतं."

पोरीने तोंडातलं सत्त्व फुर्रकन बाहेर उडवलं आणि पुढचा चमचा दिसताच ओठ घट्ट मिटले. तिच्यापुरतं तरी हे शास्त्र पक्कं होतं.

*

दोन दिवसांनी बापलेक नव्या झडपा लावून गेले. दुपारी परत आले तेव्हा कान्हाबाबांचे गुडघे सोललेले होते आणि ते कधी नव्हे ते मेघालीकडे बघत नव्हते. जनाबाईंशी बोलत होते, पण आवाज असा की तिसऱ्या घराला ऐकू जावा.

"आदी नुसतं भोक होतं. आता भोक पन हाय, दरवाजा पन हाय, नि दोनी उलटं!"

"म्हंजे काय झालं?"

"काय व्हायचंय? पाठीमागं गेलो, पानी आलं. दार उगडून आलं, पावण्यासारखं! मंग म्हटलं चला, पुढं सरकू, जाईल आपसूक. तर जाईना! दार लागलं. आतलं पानी आतच! मी म्हातारा डेकवर रांगतोय, दोनी हातानं ती रबरं धरून ठेवतोय, नि हा डब्यानं उपसतोय. तेवढ्यात बाजूनं मालाची मोठी बार्ज गेली. तिची लाट आली नि होडी अशी..." त्यांनी तळहात आडवा करून तिरका केला. इतका तिरका, की जनाबाईंनी तो हात धरून सरळ केला.

"जाळं?"

"सोडून दिलं. जाळं धरू का जीव धरू?"

"जाळं काढलं नंतर," सुदेश हळूच म्हणाला. "मासळी गेली फक्त."

"फक्त," कान्हाबाबा म्हणाले.

मेघाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. क्षिप्रा तिच्या खांद्यावर झोपली होती, त्यामुळे तिला मोठ्याने काही बोलता येईना. ती जागा तिला अजूनही तशीच दिसत होती. समोर खाडी, फळी आपल्याकडे. आजा.

"आगऱ्याच्या पोरीला शेतातलं कळतं," जनाबाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "होडीतलं तिला का विचारावं?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मेघालीला वाटलं.

कान्हाबाबांनी निकाल दिला. पुनवेचं उधाण तीन दिवसांवर होतं. मोठी भरती, मासळी आत येणार, खाडीतली प्रत्येक होडी बाहेर पडणार. त्याच्या आधी दोन्ही भोकं फायबर भरून कायमची बंद. डब्याने उपसत आलोय, डब्याने उपसू.

"भरल्या जाळ्यात कोण उपसणार, बाबा?" सुदेशने विचारलं. "आणि तू नसलास, मी एकटा असलो, तर?"

"तर एकटा जाऊ नको."

पण तो एकटा जाणार, हे घरातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. बाबांचे गुडघे किती दिवस चालणार होते?

*

दुसऱ्या दिवशी क्षिप्राला अंघोळ घालताना मेघालीने श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला, तापल्या सुरीने त्याला भोक पाडलं आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा आतून चिकटवला. डबा टबात दाबला. पाणी ट्यूब ढकलून आत आलं. डबा वर उचलला. आतलं पाणी ट्यूबला दाबून तसंच राहिलं.

मग तिने तुकडा काढून बाहेरून चिकटवला. डबा दाबला. कोरडा. आत मगभर पाणी ओतून उचलला. पाणी सुर्रकन बाहेर. क्षिप्रा खदखदून हसली आणि डब्यावर हात मारू लागली.

म्हणजे बाहेरून. सरळ आहे. कुठलंही पोर सांगेल.

पण मग आजा?

ती ओल्या फरशीवर तशीच बसून राहिली. आज्याचं अख्खं आयुष्य त्या बांधावर गेलं होतं. तो उलट दार लावेल? आणि उलट लावलं असतं तर भात टिकलं असतं का? आजा चुकीचा नाही, टब चुकीचा नाही, आणि तिचे डोळेही चुकीचे नाहीत. फळीला हात लावला होता तिने. खाडीच्या बाजूला असती तर सहा वर्षांच्या पोरीचा हात पोचला असता का? की होडी आणि शेत यात काही फरक आहे, जो तिला कळत नाही? होडी तरंगते, शेत तरंगत नाही. शेत झुकत नाही. त्याने काही उलटं होतं का? डबा केवढा, होडी केवढी. लाट आली की काय होतं?

विचार करता करता तिला आत म्हणजे कुठलं आणि बाहेर म्हणजे कुठलं, हेच कळेनासं झालं. क्षिप्राचं पाणी गार झालं तरी लक्षात आलं नाही. पोर शिंकली तेव्हा ती भानावर आली आणि तिला टॉवेलात गुंडाळून किती तरी वेळ छातीशी धरून बसली.

सुदेश आला तेव्हा तिने डबा दाखवला नाही. एकदा खात्रीने सांगून झालं होतं, आणि त्या खात्रीवर दोन माणसं बार्जच्या लाटेपुढे रांगली होती. आता पुन्हा सांगायचं, तर नुसतं वाटतंय म्हणून सांगायचं नाही.

"मी उद्या डोंबिवलीला जाऊन येते," ती म्हणाली. "सखू आत्याकडे."

"आता मध्येच?"

"उघाडी बघायचीय."

सुदेशने तिच्याकडे पाहिलं. चिडावं की हसावं, हे त्यालाही कळेना. "मेघा, परवा पौर्णिमा. बाबा सकाळीच फायबर भरणार. सामान आणून ठेवलंय."

"मी उद्या संध्याकाळी परत येते. तोपर्यंत भरू नका."

"मागच्या वेळी पण तू अशीच..." तो बोलता बोलता थांबला. पण वाक्य जिथे जायचं होतं तिथे जाऊन पोचलंच.

*

सखुबाई म्हणजे मेघालीच्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरीच राहिलेली, सत्तरी उलटलेली, तरी बांधावरून अशी चालायची की पोरीला कडेवर घेतलेली मेघाली मागे पडत होती. ऑक्टोबरचं ऊन चटचट लागत होतं. शेताच्या एका अंगाला आता उंच इमारती आल्या होत्या, पण खाडीकडचा तुकडा अजून तसाच होता, भात पोटरीला आलेलं.

"भर उन्हाची पोर घेऊन आलीस, नि बगायचं काय तर फळी!" आत्या म्हणाली. "सासूबरोबर भांडन झालंय ना? सांग खरं."

"नाही गं आत्या. खरंच फळी बघायचीय."

"मना नको शिकवू. मी पन भांडली की हितंच येऊन बसायची."

मोरीपाशी आल्यावर मेघालीने शेतात उतरून पाहिलं. शेताच्या बाजूला मोरीचं नुसतं गोल तोंड होतं. फळी नव्हतीच.

"फळी कुठाय?"

"पलीकरं. खाडीकरं. आनखी कुठं असनार?"

मेघाली बांध चढून पलीकडे वाकली. होती. लोखंडी पट्ट्या मारलेली जाड फळी, वरच्या बिजागरीवर लोंबकळणारी, अंगभर कालवं चिकटलेली. भरती चढत होती. पाणी फळीपर्यंत आलं, फळी किंचित डोलली, आणि मग कुणी मागून हात टेकावा तशी मोरीच्या तोंडावर जाऊन बसली. कडेने थेंब थेंब गळत राहिलं, तेवढंच.

"कधीपासून बाहेर आहे?"

"म्हंजे?"

"आधी आतून होती ना? मी लहान असताना? आज्याने मला दाखवलेली. मी हात लावलेला."

आत्याने पदराने कपाळ पुसलं. "अगं येडे, शेताची उघाडी कदी आतून असते काय? भरती आली की उगडेल ना ती! भाताचं मीठ होईल."

"पण मी पाहिलीय!"

"हितं?"

मेघालीने मोरीकडे पाहिलं. हितं? तिने डोळे बारीक करून आठवायचा प्रयत्न केला. आजा. बांध. खाडी. ऊन, डोळ्यांत खुपणारं ऊन. आणि पायाखाली... भात नव्हतं पायाखाली. चिखलही नव्हता. पांढरं काहीतरी होतं. टाचेला टोचत होतं.

"आत्या, आजा उन्हाळ्यात कुठे जायचा?"

"मिठागरावर. खाली, मुलुंडच्या अंगाला. मे महिन्यात तुला सुट्टी लागली की तुला पन नेयाचा. मीठ खाऊन खाऊन पोट बिगडायचं तुजं." बोलता बोलता आत्या थांबली आणि मग एवढी हसली की क्षिप्रा दचकून तिच्याकडे बघायला लागली. "मिठागराची फळी बगितलीस तू! ती आतूनच असते. मिठागराला खाडी पायजे असते, बाय. भरतीचं पानी आत घेयाचं नि ओहोटीला जाऊ नाय देयाचं. शेताला खाडी नको असते. एकच फळी, तुजा आजा उन्हाळ्यात तिनं खाडीला बोलवायचा, नि पावसाळ्यात हाकलायचा."

मेघाली बांधावर बसली. आजा चुकला नव्हता. डोळे चुकले नव्हते. नुसतं कुठे उभी होती तेवढं विसरली होती, आणि तेवढ्याने सगळं उलटं झालं होतं.

"आता तुजी होडी काय हाय ते बग," आत्या म्हणाली. "शेत का मिठागर?"

"शेत," मेघाली म्हणाली. मग आत्याकडे वळून, "शेतच ना?"

"मना काय विचारतेस? मी काय होडीत बसले हाय कदी?"

*

पौर्णिमेच्या सकाळी कोपरीच्या मीठबंदरावर ओहोटी होती. होडी धक्क्याजवळ चिखलात बसलेली, आणि कान्हाबाबा तिच्या शेपटाशी फायबरचा डबा आणि ब्रश घेऊन. धक्क्यावर जनाबाई, कडेवर शिंपली. रात्री मेघालीने सगळं सांगितलं होतं. मिठागर, शेत, टबातला डबा. सुदेश ऐकून ट्यूबचे नवे तुकडे कापायला बसला होता. कान्हाबाबा उठून झोपायला गेले होते. सकाळी मात्र डबा घेऊन सगळ्यांच्या आधी हजर.

"बाबा, एकदा लावून बघू," सुदेश म्हणाला.

"एकदा बगितलं ना!"

"ती बाजू चुकलेली."

"नि आज बरोबर हाय कशावरून?" ते पहिल्यांदाच मेघालीकडे वळले. "सांग. हाय बरोबर?"

पाच दिवसांपूर्वी तिने चमचा हातात धरून "आतून" म्हटलं होतं. तेवढ्याच सहज आज "हो" म्हणता आलं असतं.

"मला नाही माहीत, बाबा," ती म्हणाली. "शेताला बरोबर आहे. टबात बरोबर आहे. होडीचं होडीत बसून बघायला लागेल."

कान्हाबाबांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "मंग तू बस. पाठीमागं. आमी जिथं हुबे र्‍हातो तिथं."

"ती कशाला?" जनाबाई धक्क्यावरून म्हणाल्या. "पोर दूध पिते तिचं!"

"म्हंजे नीट बगेल," कान्हाबाबा म्हणाले.

सुदेश गुडघाभर चिखलात उतरला. बाहेरून, प्रत्येक भोकावर ट्यूबचा एक तुकडा, वरून स्टीलची पट्टी, दोन स्क्रू. पूर्ण व्हायला तास गेला. तेवढ्यात भरती लागली. पाणी आधी चिखलाच्या चरांमधून आलं, मग होडीच्या पोटाखाली, मग होडी एकदा हलली आणि तरंगू लागली. सुदेशने ती दोरीला धरून थोडी पुढे नेली आणि हात देऊन मेघालीला आत घेतलं.

ती मागे जाऊन उभी राहिली. एका बाजूला सुदेश, दुसऱ्या बाजूला कान्हाबाबा. होडीची पिछाडी खाली बसली. मेघालीने काठ धरला. बाहेर पाणी भोकाच्या वर चढलेलं तिला दिसत होतं. आत, डावं भोक कोरडं.

उजव्या भोकातून पाणी येत होतं.

करंगळीएवढी धार. पण येत होतं, न थांबता, तिच्या पावलांकडे.

"बगितलं?" कान्हाबाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. उलट त्यांनाही वाईट वाटलं असावं.

मेघालीने एका भोकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. दोन्ही झडपा सारख्या, रबर एकच, बाजू एकच. मग एक शेत आणि एक मिठागर, असं कसं? तिला वाटलं, आपल्याला हे कधीच कळणार नाही. खाडी आत येईल, बाहेर जाईल, आपण नुसतं कुठल्या तरी बांधावर चुकीच्या बाजूला उभं राहायचं. तिने सुदेशकडे पाहिलं. तोही भोकाकडेच बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं.

"भरून टाकूया, बाबा," तो म्हणाला.

"थांब," मेघाली म्हणाली. का थांब, ते तिला माहीत नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली, काठावरून बाहेर वाकली आणि कोपरापर्यंत हात खाडीत घातला. पाणी कोमट होतं. बोटांना स्टीलची पट्टी लागली, मग रबर. रबराची डावी कड होडीला चिकटलेली होती. उजवी नव्हती. मध्ये काहीतरी होतं, पातळ, सळसळणारं. तिने चिमटीत धरून ओढलं.

वेफर्सच्या पाकिटाचा कोपरा. चंदेरी, भिजलेला.

धार थांबली.

कान्हाबाबांनी तो तुकडा तिच्या हातातून घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि खिशात टाकला, जसा काही तो पुरावा होता.

"म्हंजे दर येळी बोट घालून बगायला लागनार," ते म्हणाले. "अख्खी खाडी ह्यानं भरलीय."

"हो."

"मंग बूच काय वाईट होतं? बूच पन बगायलाच लागत होतं."

मेघालीने विचार केला. खरंच, काय वाईट होतं? "बूच लावायचं विसरलात तर सगळी खाडी आत," ती सावकाश म्हणाली. "काढायचं विसरलात तर सगळं आतलं आतच. हे बघायचं विसरलात तर... एवढंसं येतं. आणि होडी सरळ झाली की आपलं आपण जातं. म्हणजे मला तसं वाटतंय. लाट आली तर काय होतं, ते मला नाही माहीत."

"लाटेचं मना माहीत हाय," कान्हाबाबा म्हणाले. "लाट दाबते. दाबली की दार लागतं." मग पाण्याकडे बघत, "लागायला पायजे."

सुदेशने बादली खाडीत बुडवून भरली आणि डेकवर ओतली. तिघे पुढे सरकले. पिछाडी उचलली गेली, आणि पाणी दोन्ही भोकांकडे धावलं, रबरं बाहेरच्या बाहेर फडफडली, डेक चकचकीत रिकामा झाला. तिघे पुन्हा मागे. कोरडं.

"निघू का?" सुदेशने विचारलं. भरती आता धक्क्याच्या पायरीला लागली होती, बाकीच्या होड्यांची इंजिनं सुरू झाली होती. आजवर त्याने हा प्रश्न तिला कधी विचारला नव्हता. जायचं असलं की तो जायचा.

"अजून एक बादली," मेघाली म्हणाली.

"अगं, भरती थांबेल का कोणासाठी!"

"एक फक्त."

बादली कान्हाबाबांनी भरली. ओतली. पाणी गेलं. मेघालीने पुन्हा दोन्हीकडे वाकून बोट फिरवून पाहिलं, आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग परत उजवीकडे, कारण उजवीकडचं आधी पाहिलं होतं की नाही तेच ती विसरली. रबर दोन्हीकडे होडीला घट्ट लागलेलं होतं. तिच्या हाताला खाडीचा वास येत होता, आणि छाती दुधाने जड झाली होती.

"आता?"

तिने सुदेशकडे पाहिलं, मग भोकांकडे, मग पलीकडे जिथे खाडी रुंद होते आणि बार्ज जातात तिकडे. अजून तिला खात्री नव्हती. पण या वेळी जेवढं डोळ्यांनी पाहता येतं तेवढं तिने पाहिलं होतं, उभं कुठे राहून पाहिलं तेही तिला माहीत होतं, आणि उरलेलं इथे दोरीला बांधून कळणार नव्हतं.

"जा," ती म्हणाली.

कुणीच हललं नाही. सुदेश तिच्याकडे बघत राहिला. कान्हाबाबा इंजिनाच्या दोरीला हात लावून उभे होते, तेही.

धक्क्यावर शिंपलीने भोकाड पसरलं, आणि जनाबाई तिला दुसऱ्या कडेवर घेत ओरडल्या, "अगं, जा म्हनतेस तर उतर की आदी! का तू पन चाललीस जाळं टाकायला?"